शिव्या खायला ये

बर्न, १५ मे १८८७, रविवार

कायदा मंजूर झाला. देशाने तीनपैकी दोन मतं आमच्या बाजूने टाकली. दारू गाळण्याचा हक्क आता सरकारचा. डोंगरातल्या घरोघरच्या भट्ट्या भरपाई देऊन ताब्यात घ्यायच्या आणि मोडीत काढायच्या. अर्थमंत्री झाल्यापासून सहा वर्षं मी याच एका गोष्टीसाठी झिजलो. संध्याकाळी सहकारी घरी आले, हात दाबून दाबून अभिनंदन केलं. माझ्या बायकोने, रोझिनाने, ठेवणीतले ग्लास काढले. मी खूश दिसायचा प्रयत्न करत होतो.

खरं तर तारांच्या गठ्ठ्यात मी एकच आकडा शोधत होतो. शेवटी सापडला. माझं गाव व्हीसग्राबेन : बाजूने सतरा, विरोधात दोनशे चार.

सतरा! ज्या गावात मी जन्मलो, जिथे अजून सगळे मला नुसतं क्लाउस म्हणतात, तिथे. त्याच गावात दात येणाऱ्या पोरांना आया बटाट्याच्या दारूत फडकं बुडवून चोखायला देत. आमची धाकटी बहीण आनेली तसं फडकं तोंडात घेऊन झोपली ती उठलीच नाही. संसदेत मी हे कधी बोललो नाही. तिथे मी टक्केवारी सांगितली.

२२ मे

ख्रिस्टनचं पत्र. माझा थोरला भाऊ महिन्यातून एकदा लिहितो, तेही ओळी मोजून. आज चक्क पानभर आहे.

"क्लाउस, वडिलांच्या भट्टीचा तांब्याचा हंडा मी काल स्वतः गाडीवर घालून देऊन आलो. गावात पहिला मीच. मंत्र्याच्या घरातली भट्टी चालू आणि बाकीच्यांच्या बंद, असं कुणी म्हणायला नको. लोक तापलेत. बेंदिख्त गेर्बर सर्वांत जास्त, कारण त्याची भट्टी सर्वांत मोठी. पण तापलेल्या माणसाला बोलू दिलं की तो निवतो, हे तुला मी सांगायला नको. ऑक्टोबरच्या आत एकदा ये. 'अस्वल' खानावळीत बस. बिअर मागव. शिव्या खायला ये. पोटभर दिल्या की मतं पण देतील."

ऑक्टोबर! हे मी मुद्दाम डोक्याबाहेर ठेवलं होतं. आमच्याकडची ही रीत कुणी काढली देव जाणे. राज्यघटनेत कुठे लिहिलेली नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. दर तीन वर्षांनी मंत्र्याने आधी आपल्या खोऱ्यातून लोकसभेवर निवडून यायचं. आपल्याच माणसांनी निवडून दिलं, तर डिसेंबरात संसद त्याला पुन्हा मंत्री करते. घरी हरलेला मंत्री पुन्हा मंत्री होत नाही. एकाचं असं झालेलं आहे. तो पुढे कुठे गेला, काय करत होता, कुणी सांगत नाही.

दोनशे चार. रात्रभर हाच आकडा.

९ जून

माझे चिटणीस श्टेटलर वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवून आणतात. आजचं कात्रण शेजारच्या खोऱ्यातलं. भट्टी ताब्यात घ्यायला गेलेल्या कारकुनाला शेणाच्या खड्ड्यात ढकललं, आणि संध्याकाळी गवताचा पुतळा करून जाळला. पुतळ्याच्या डोळ्यांवर चष्मा होता.

"बऱ्याच जणांना चष्मा असतो," मी म्हणालो.

"हो साहेब," श्टेटलर म्हणाले, "पण दाढी पण होती."

आम्हा सात मंत्र्यांत दाढी-चष्मा दोन्ही असलेला मीच एक आहे.

२६ जून

ख्रिस्टन लिहितो : "रस्त्याकडचं कुंपण पडलं. पुन्हा घातलं. परवा पुन्हा पडलं. आता तसंच ठेवलंय. गायी शहाण्या आहेत, जात नाहीत. तू कधी येतोस?"

खांब वरवर पुरले असणार. तो लहानपणापासून असाच, कामाला वाघ पण घाई फार. खोल खड्डे घे, असं कळवलं.

१७ जुलै

गवतकापणीला जायचं ठरवलं होतं. ट्रंक भरली होती. सकाळी पोटात असा गोळा आला की उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, काही नाही, कॉफी कमी करा. रोझिनाने ट्रंक रिकामी केली. एकेक सदरा झटकून कपाटात ठेवत होती, माझ्याकडे न बघता.

खरं लिहायचं तर गाडीची वेळ टळली तसा गोळा विरघळला. मला लाज वाटली. आणि तरी हायसं वाटलं.

१४ ऑगस्ट

ख्रिस्टनचं पत्र, चार ओळी, अक्षर वेडंवाकडं. "'अस्वल'च्या पायऱ्यांवरून घसरलो. डावा हात दुखावला. हल्ली तिकडे जात नाही. काळजी करू नकोस. गुरं डोंगरावरून उतरायच्या सणाला तरी ये."

साठीला आला तरी लाकडी खडावा घालून हिंडतो, मग घसरेल नाही तर काय! बाजारात जाऊन त्याच्यासाठी खिळ्यांचे चांगले बूट घेतले आणि टपालाने धाडले. सोबत लिहिलं की पावसात पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं. भावासाठी काहीतरी केल्याचं बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

२१ ऑगस्ट

रोझिनाला वहिनीचं पत्र आलं. वाचून ती बराच वेळ स्वयंपाकघरात होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"काय लिहिलंय?"

"तुम्हाला सांगू नको असं लिहिलंय. अहो, तुम्ही जा. उद्याच जा."

"काय झालंय ते तर सांग."

"भाऊजींनी शपथ घातलीय तिला. पण तुम्ही जा ना एकदा!"

बायकांची पत्रं ही अशीच. एकीचा जीव घाबरा झाला की दुसरीचाही होतो. तिच्या रडण्याने माझी भीती मात्र दुप्पट झाली. नक्कीच माझ्या जिवावर काहीतरी शिजत असणार. नाही तर शपथ कशाला?

२५ सप्टेंबर

गुरं डोंगरावरून उतरायचा सण होऊन गेला. गेलो नाही. अर्थसंकल्पाचं काम होतं. म्हणजे होतंच, पण रविवारी नव्हतं.

आज दुपारी नदीकाठी फिरताना एक माणूस मागून चालत होता. मी थांबलो, तो थांबला. मी दुकानांपुढच्या कमानींखाली शिरलो, तोही शिरला. मी सरळ एका टोप्यांच्या दुकानात घुसलो आणि नको असलेली टोपी विकत घेतली. बाहेर आलो तर तो समोरच उभा.

"साहेब, तुमचा हातमोजा पडला होता," म्हणाला.

रोझिनाला सांगितलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, "मन चिंती ते वैरी न चिंती." आणि विणत बसली.

९ ऑक्टोबर

खोऱ्यातून पक्षाचा माणूस आला होता. म्हणे बाकीची गावं काठावर आहेत, इकडे की तिकडे सांगता येत नाही. व्हीसग्राबेनचं काय, विचारलं. त्याने खांदे उडवले. "तिथलं तुमचे भाऊ बघतायत. घरोघर फिरतायत, हात गळ्यात बांधून."

मतं मागत फिरतोय! आमच्या घराण्यात कुणी मतं मागितली नाहीत. मी तर कधीच नाही. आमच्या मुलखात जो मागतो त्याला मिळत नाही, हे ख्रिस्टनला कळू नये? लिहिणार होतो त्याला कडक. मग वाटलं, राहू दे. हरलो तर कुणावर ढकलायला तरी होईल. असले विचार मनात येतात हे या वहीशिवाय कुणाला दिसू नये.

१८ ऑक्टोबर

"शनिवारी, मतदानाच्या आदल्या दिवशी, ये," ख्रिस्टन लिहितो. "घोडागाडीने हमरस्त्याने ये. दुपारी बाराला पुलावरून. दुसऱ्या वाटेने येऊ नकोस. का ते विचारू नकोस. एकटा ये."

चारदा वाचलं. का विचारू नको? एकटाच का? अक्षर ख्रिस्टनचं आहे, पण शब्द? त्याच्या मानगुटीवर कुणी बसून लिहून घेतलं असेल तर? बेंदिख्त गेर्बर बैल शिंगाला धरून खाली बसवतो. ख्रिस्टनचा तर एक हात अधू.

पत्र श्टेटलरना दाखवलं. ते गंभीर झाले. दुपारी परत आले ते व्यवस्था करूनच : खोऱ्याच्या तोंडाशी एक पोलीस शिपाई बंदूक घेऊन गाडीत बसेल.

रोझिना ऐकून ताडकन उठली. "शिपाई? अहो, या देशात मंत्र्याबरोबर शिपाई कुणी पाहिलाय? तुम्ही शनिवारी पिशवी घेऊन बटाटे आणता मंडईतून! तुमच्याच गावात, तुमच्याच माणसांत बंदूक घेऊन जाणार?"

"तू नाहीस जात. मी जातोय."

"तुम्ही नाही जात," ती म्हणाली, "तुमची भीती जातेय."

ती रात्री शेजारच्या खोलीत झोपली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

व्हीसग्राबेन, पाद्र्यांचं घर, २९ ऑक्टोबर, शनिवार

वाचलो. आधी लिहून ठेवतो.

शिपाई माटर नावाचा, तरुण, अबोल. पाऊस पहाटेपासून लागलेला. बाराला दहा कमी असताना गाडी शेवटच्या वळणावर आली आणि मी पडदा बाजूला केला. पुलावर माणसं होती. पन्नास तरी, जास्तच. काळे कोट, पावसात उभे. दहाबाराजणांच्या हातांत लांबलचक बांबूएवढे दांडे. काही जण ते दांडे पुलाच्या दोन्ही अंगांना रोवत होते, म्हणजे गाडी पलीकडे जाऊ नये. मधोमध बेंदिख्त गेर्बर, हात वर करून हुकूम देतोय. ओळखायला चुकू नये इतका मोठा माणूस आहे तो.

मी गाडीवानाला ओरडलो, "मागे घे! जंगलाच्या वाटेने!"

"साहेब, ती वाट लाकडाची आहे, चाकं रुततील," तो म्हणाला.

"घे म्हणतो ना!"

गाडी वळताना तुतारी वाजली, मग दुसरी. एकमेकांना इशारा करत असावेत. माटरने बंदुकीला हात घातला. मागे पाहिलं तर कुणी धावत आलं नाही. पावसाने दिसलं नसेल. देवाची कृपा.

जंगलाच्या वाटेला तीन तास लागले. दोनदा मी आणि माटर उतरून चिखलात चाकं ढकलली. शेवटी चर्चच्या मागे उतरलो, ते सरळ पाद्र्यांच्या दारात. ख्रिस्टनकडे गेलो नाही, त्याच्यावर संकट यायला नको म्हणून. पाद्र्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या माटरकडे पाहिलं. बाजूला होऊन आत घेतलं. त्यांच्या बायकोने सूप वाढलं, नजर वर न करता. सगळं गाव धाकाखाली असणार, दुसरं काय!

ख्रिस्टनला निरोप पाठवला की सुखरूप पोचलो. उत्तर नाही.

तरी मन हलकं आहे. आयुष्यात एकदा तरी वेळेवर सावध झालो.

३० ऑक्टोबर, रविवार, खोऱ्याच्या तोंडाशी, स्टेशनवरची खानावळ

प्रार्थना संपली की चर्चमध्येच मतदान. बाकांच्या रांगांतून एकेक जण पुढे येतो, चिठ्ठी पेटीत टाकतो, जातो. मी पुढच्या बाकावर होतो. माटर दाराशी. येणारा प्रत्येक जण माटरच्या बंदुकीला वळसा घालून आत येत होता. कुणी मला शिवी दिली नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो आणि प्रत्येक जण पेटीकडे बघत होता.

दुपारी तारा आल्या. खोऱ्यातल्या इतर गावांनी मला तारलं. एकशे बारा मतांनी निवडून आलो. म्हणजे डिसेंबर पक्का, पुढची तीन वर्षं पक्की. गेले पाच महिने ज्याच्यासाठी झोप उडाली होती, ते झालं.

मग आतल्या खोलीत गेलो, जिथे गावची मतं मोजली होती. बाकीचे मोजणारे मला पाहून उठून गेले. ख्रिस्टन राहिला. उजव्या हाताने चिठ्ठ्यांची चवड सारखी करत होता. डावा हात टेबलावर, एखादी वस्तू कुणी तिथे विसरून गेल्यासारखा.

"निवडून आलो," मी म्हणालो.

"ऐकलं."

"हात अजून बरा नाही?"

"होणार नाही म्हणतो डॉक्टर."

"नुसतं पायऱ्यांवरून पडून इतकं?"

त्याने मान वर केली. चिडलेला नव्हता, थकलेला होता. "क्लाउस, 'अस्वल'ला पायऱ्या कुठायत?"

मी बोलायला तोंड उघडलं. आणि डोळ्यांपुढे आलं. रस्त्याला लागून सपाट दार. वडील गाडी थेट आत घालायचे, आम्ही दोघं गोणींवर बसलेले.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"तू घरी नव्हतास, मी होतो. तुझ्यावरचा राग कुणावर तरी निघायचाच. मारलं चौघांनी, रात्री पिऊन. दुसऱ्या दिवशी त्यांतला बेंदिख्त घरी आला आणि रडला. एवढा मोठा माणूस, माझ्या स्वयंपाकघरात. काय भरपाई देऊ म्हणाला. मी म्हटलं, मला काही नको. क्लाउस आला की त्याच्या तोंडावर सगळं बोल, मनात काही ठेवू नकोस, आणि मग मत दे. तो कबूल झाला. मग एकेक घर कबूल केलं. सगळा सप्टेंबर, सगळा ऑक्टोबर."

"आणि काल? पुलावर?"

"कमान करत होते. देवदाराच्या फांद्यांची. बायकांनी कागदी फुलं केली होती, ती पावसात भिजली. बँड होता. आधी वाजवायचं, मग 'अस्वल'मध्ये नेऊन शिव्या द्यायच्या, असं ठरलं होतं. बेंदिख्तने यादीच काढली होती शिव्यांची, वाचून दाखवत होता, हसत होते सगळे. बाराच्या आधीपासून उभे होते. तीनच्या पुढे कुणीतरी सांगत आलं, की तू जंगलातून पाद्र्याकडे उतरलास. पोलीस घेऊन."

बाहेर माटर खाकरला. मला वाटलं जमीन फाटावी आणि मला आत घ्यावं.

"मी घाबरलो होतो रे," मी म्हणालो. पाच महिन्यांत पहिल्यांदा हे कुणासमोर तोंडाने बोललो.

"ते कळलं सगळ्यांना."

"इथे किती पडली मला?"

"अकरा."

का कुणास ठाऊक, मी बोटांवर मोजायला लागलो. बुडणारा काडीला धरतो तसं. "पाद्री. मास्तर. गिरणीवाला. सुतार ल्यूथी, त्याचा मुलगा व्यसनातून सुटला. ते दारू न शिवणारे दोघे बाप्टिस्ट भाऊ. आनेलीच्या वेळी जो आला होता त्या डॉक्टरचा मुलगा. हे सात. तिघं कोण ते नाही कळत. आणि तू. अकरा."

ख्रिस्टनने चिठ्ठ्यांना दोरा बांधला. एका हाताने गाठ बसेना, म्हणून दोऱ्याचं टोक दातांत धरलं. मी मदतीला हात पुढे केला, तो त्याने बाजूला केला.

"माहीत नसलेले चौघे आहेत," तो म्हणाला. "मला त्यात धरू नकोस."

मग त्याने गठ्ठा पेटीत ठेवला, कुलूप लावलं, आणि मागच्या दाराने घरी गेला. पायांत मी पाठवलेले बूट नव्हते. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो?

निघताना गाडीवानाने विचारलं, कुठल्या वाटेने? मी म्हणालो, पुलावरून. माटरला मागच्या गाडीने यायला सांगितलं. त्याला नवल वाटलं असावं.

पुलावर बेंदिख्त गेर्बर आणि आणखी पाचसहा जण कमान उतरवत होते. मी गाडी थांबवली, खाली उतरलो. मनात म्हणालो, आता देईल. दे बाबा. आईवरून दे, बापावरून दे, आनेलीवरून दे, मी उभा आहे. चाळीस वर्षांपूर्वी याच पुलाखाली आम्ही दोघांनी मिळून मासे पकडले होते, आणि परवापरवापर्यंत तो मला भर बाजारात "ए क्लाउस, हाडकुळ्या" म्हणून ओरडायचा.

बेंदिख्तने फांद्यांचा भारा खाली ठेवला. टोपी काढली. त्याचं पाहून बाकीच्यांनी काढल्या.

"अभिनंदन, मंत्रिसाहेब," तो म्हणाला. "सांभाळून जा. रस्ता ओला आहे."

आणि मला गाडीत बसता यावं म्हणून सगळे अदबीने बाजूला झाले.